नंबर नसलेला निळा

मे महिना, दुपारचे तीन, लाइट गेलेली.
भद्रावती पेठेत रसवंतीच्या बाकावर टेकलो
की कुणीतरी विचारतंच,
इराबत्ती मास्तर, बर्फाचं सांगा की.
आणि मी दर वेळी वेगळंच सांगतो.

काल तिकिटाचं सांगितलं.
जावयाने आकडा काढला तेव्हा
मी मनात भागाकार केला, डबलबेडच्या चादरी किती.
उत्तर अंबूला सांगितलं नाही.
ती म्हणाली, चार चादरी घेऊन जाऊ,
बोटीवर थंडी असते, खपतील.

पहिले दोन दिवस समुद्राने मला
पलंगाच्या या कडेवरून त्या कडेला मारलं.
बापाच्या मागावरचा धोटा असाच जायचा,
त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.
अंबू मात्र ठणठणीत.
रिकाम्या जेवणघरात एकटीच बसून
ताटं उचलणाऱ्या पोराकडे तेलुगूत तूप मागत होती,
आणि त्याने काहीतरी आणून दिलंही.

उतरायच्या आदल्या संध्याकाळी तपासणी.
बी नको, माती नको, गवताची काडी नको,
आपलं काही तिकडे उगवता कामा नये.
एक पोरगी गुडघ्यावर बसून
माझ्या स्वेटरच्या खिशात नळी घालून धूळ ओढत होती.
ओढतेय, ओढतेय.
सुताचं तूस, पिवळं, मरून, परत पिवळं.
तिने वर बघून हसत काहीतरी विचारलं.
नात म्हणाली, ताता, ती विचारतेय अजून किती आहे.
म्हटलं, चाळीस वर्षं. सांग तिला.

मग रबरी होडी. मग तो डोंगर.
पांढऱ्याचं मला कौतुक नाही.
ब्लीचिंगच्या हौदात सूत इतकं पांढरं केलंय मी
की मालक ओरडायचे, मास्तर बास, तुटेल.
पण बर्फाच्या भेगेत, आत, निळा होता.
नीळ नव्हे. मोरपंखी नव्हे.
एकशे चौदा नंबरात चिमूटभर हिरवा टाकला तर...
नाही.
अंगठा आपोआप बोटावर घासला गेला,
ओलं सूत पिळून उजेडात धरताना घासतो तसा.
पोटात खड्डा पडला, थंडीने नव्हे.
रंगाऱ्याला रंग दिसावा
आणि तो कशात बुडवलाय ते कळू नये.

गाइड म्हणाला, यात रंग नाहीच.
जुना बर्फ. दाबून दाबून हवा निघून गेली की असा दिसतो.
जावयाने मराठीत करून सांगितलं, मी मान हलवली.
रंग नाही हे काही पटलं नाही.
दाबून दाबून, ते बरोबर असेल.

नातीने पाण्यातून एक तुकडा उचलला,
कानाशी धरा म्हणाली. आत तडतड.
हजारो वर्षांची कोंडलेली हवा सुटतेय म्हणे.
अंबूने ऐकलं, म्हणाली,
कुणीतरी कडक भाकरी मोडतंय.
आणि तिला तिथेच भूक लागली.

त्या रात्री इकडे गड्ड्यावर दारूकाम असणार.
तिकडे रात्र म्हणावी अशी रात्रच नाही.
न खपलेली एक चादर पांघरून मी डेकवर,
अख्ख्या समुद्रात लाल तेवढीच.
स्वरूपा आली, न बोलता दुसरं टोक ओढून बसली.
लहानपणी ही शाळेच्या फ्रॉकला मला हात लावू द्यायची नाही,
डाग पडेल म्हणायची.
त्या रात्री तिने माझा हात मोजा काढून मांडीवर घेतला,
नखांच्या कडा बघितल्या.
आहे अजून, म्हणाली.
एवढंच. मग मोजा परत घातला, उलटा.

आल्यावर सात बाटल्यांत सात वेळा करून बघितला.
मालकाचा पोरगा म्हणतो, काका, नंबर सांगा, मशीन काढून देईल.
नंबर कुठून सांगू.

हे सगळं मी बाकावर सांगत नाही.
पेंग्विनच्या वासाचं सांगतो, लोक हसतात.
रसवाला माझ्या ग्लासात बर्फाचा खडा टाकतो.
मी तो बोटांनी काढून, ठिबकत, कानाशी धरतो.
गप्प.
कालचाच असेल.